फोनची ओसरी

मनगटावरच्या घड्याळात वेळ बघायला किती वेळ लागतो? एक सेकंद, फार तर दोन. घड्याळ बघायला मान खाली घातली आणि अर्ध्या तासानं भानावर आलात, असं कधी झालंय तुमचं? नाही ना? फोनच्या बाबतीत मात्र हे रोज होतं. किती वाजले ते बघायला फोन उचलला, तर खाली कुणाचा तरी मेसेज दिसला. तो उघडला, त्यात एक व्हिडिओ होता, त्याच्याखाली दुसरा. तिकडे गॅसवरचं दूध उतू गेलं. आणि किती वाजले, ते बघायचं राहूनच गेलं!

घड्याळ आणि अ‍ॅप, दोन्हींशी बेंगळुरूचं जवळचं नातं आहे. हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, हा सरकारी कारखाना १९५३ साली याच शहरात सुरू झाला. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं तिथे मनगटी घड्याळं बनू लागली. 'जनता', 'कोहिनूर' ही नावं वाचून तुमच्या घरातल्या कुणाच्या तरी चेहऱ्यावर नक्की हसू येईल. मॅट्रिक झालेल्या मुलाला, लग्नात जावयाला एचएमटी दिलं जायचं. या कारखान्यानं अंधांसाठीही घड्याळं काढली. त्यांची काच उघडायची, काट्यांवरून बोट फिरवायचं, की वेळ कळली. डोळे नसले तरी काम दोन सेकंदांतच.

आज तेच शहर फ्लिपकार्ट, स्विगी, फोनपे अशा कंपन्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. तिथल्या कितीतरी कचेऱ्यांमधून एका प्रश्नावर काम चालतं: माणसानं अ‍ॅप न उघडताच त्याला हवी ती गोष्ट कशी कळेल? लॉक स्क्रीनवरची पट्टी, होम स्क्रीनवरचं विजेट, वरून उतरणारं नोटिफिकेशन, स्मार्टवॉचवरचा एक आकडा, दुकानातला बोलका डबा, हे सगळं त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आपल्याकडच्या जुन्या घरांना ओसरी असायची. पोस्टमन, दूधवाला, शेजारच्या गल्लीतून निरोप घेऊन आलेला पोरगा, सगळे ओसरीपर्यंत यायचे. निरोप सांगायचा, पाणी प्यायचं, निघायचं. प्रत्येकाला माजघरात बोलावून बसवलं असतं तर घरातल्या बाईचा दिवस संपला असता. अ‍ॅप हे माजघर आहे. लॉक स्क्रीन आणि होम स्क्रीन ही तुमच्या फोनची ओसरी. तिथे कोण येतं, काय बोलतं आणि किती वेळ थांबतं, यावर तुमच्या दिवसाचा बराच हिशेब ठरतो.

एका सकाळच्या चार नजरा

समजा, तुम्ही नोकरीनिमित्त बेंगळुरूला राहता. आईबाबा सोलापूरहून उद्यान एक्स्प्रेसनं निघालेत आणि आज सकाळी पोचणार आहेत. आता त्या सकाळी फोन किती वेळा लागतो बघा.

पहिली नजर गाडीसाठी. गाडी कुठवर आली? 'व्हेअर इज माय ट्रेन' हे अ‍ॅप अनेकांच्या फोनवर असतं. ते बेंगळुरूच्याच सिग्मॉइड लॅब्स या छोट्या कंपनीनं बनवलं आणि २०१८ च्या डिसेंबरात गूगलनं ती कंपनी विकत घेतली. गाडीत बसलेल्या माणसाच्या फोनला इंटरनेट नसलं तरी जवळच्या मोबाइल टॉवरांवरून गाडी कुठे आहे ते या अ‍ॅपला ओळखता येतं. पण आईबाबांच्या दृष्टीनं त्यातली सगळ्यात कामाची सोय वेगळीच आहे. उतरायचं स्टेशन जवळ आलं की गजर वाजतो. रात्रभर दर तासाला उठून फोन उघडून बघायला नको. गजर वाजेपर्यंत अ‍ॅपचं अस्तित्वही जाणवत नाही, आणि वाजतो तेव्हा त्याचा एकच अर्थ असतो.

दुसरी नजर ऑटोसाठी. मॅजेस्टिकला स्टेशनाबाहेर गर्दी, हातात बॅगा, वरून पावसाची भुरभुर. अशा वेळी तुम्हाला तीनच गोष्टी हव्या असतात: ऑटोचा नंबर, तो किती मिनिटांवर आहे, आणि चालकाला सांगायचा चार आकडी कोड. बेंगळुरूत २०२२ च्या नोव्हेंबरात ऑटोचालकांच्या संघटनेच्या पुढाकारानं 'नम्म यात्री' हे अ‍ॅप आलं. कन्नडमध्ये 'नम्म' म्हणजे आपलं. ते असो, ओला असो की उबर, चांगल्या पट्टीची कसोटी एकच: फोनचं कुलूप न उघडता, एका हातानं, त्या तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत. नकाशा, चालकाचे तारे, पुढच्या सफरीवरची सवलत हे सगळं आत राहिलं तरी चालतं.

आणि मेट्रोनं जायचं ठरलं तर? नम्म मेट्रोचं क्यूआर तिकीट १ नोव्हेंबर २०२२ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर मिळतं. म्हणजे वेगळं अ‍ॅप शिकायची गरजच उरली नाही. बाबांना व्हॉट्सअ‍ॅप येतं ना? मग तिकीटही काढता येतं. जिथे माणूस आधीच उभा आहे तिथेच खिडकी उघडायची, हा या सगळ्या विद्येतला पहिला धडा आहे.

तिसरी नजर नाश्त्यासाठी. इडल्या मागवल्यात आणि तुम्ही आईला घर दाखवताय. आयफोनवर २०२२ च्या ऑक्टोबरपासून लॉक स्क्रीनवर जिवंत पट्टी दिसू लागली. ऑर्डर घेतली, निघाली, सहा मिनिटांत येईल, असं तीच पट्टी स्वतःला बदलत सांगते. अँड्रॉइडच्या सोळाव्या आवृत्तीत, २०२५ मध्ये, अशाच हलत्या पट्टीची सोय आली. याआधी त्याच एका ऑर्डरचे पाच वेगळे मेसेज येऊन फोन पाच वेळा किणकिणायचा. आता एक ओळ गुपचूप पुढे सरकते.

चौथी वेळ नजरेची नाहीच, कानाची आहे. आईला देवासाठी फुलं हवीत म्हणून तुम्ही के. आर. मार्केटला गेलात. फुलवालीचे हात ओले, समोर दहा गिऱ्हाइकं. तिनं प्रत्येक वेळी फोन पुसून, अ‍ॅप उघडून, पैसे आले का ते बघायचं म्हटलं तर धंदा कसा व्हायचा? म्हणून टोपलीशेजारी तो छोटा डबा असतो. यूपीआय २०१६ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यातल्या व्यवहारांची संख्या दोन हजार कोटींच्या वर गेली. त्यातले कितीतरी व्यवहार दुकानदारानं डोळ्यांनी पाहिलेलेच नाहीत, कानांनी ऐकलेत. डब्यात स्वतःचं सिमकार्ड असतं, त्यामुळे दुकानदाराचा फोन घरी राहिला तरी चालतं. शिवाय गिऱ्हाइकानं स्वतःच्या पडद्यावर दाखवलेल्या चित्रावर विश्वास ठेवावा लागत नाही. पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय डबा बोलत नाही.

चार प्रसंग, आणि एकातही तुम्ही फोनमध्ये हरवला नाहीत. कारण प्रत्येक ठिकाणी एका प्रश्नाला एकच उत्तर मिळालं.

आपल्याला हे आधीपासून येतं

ही कल्पना आपल्याला परकी नाही. "पोचलास की एक मिस्ड कॉल दे" हे वाक्य तुम्ही कितीदा म्हटलं असेल? एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. फोन उचलायचा नाही, पैसा खर्च नाही, एक शब्द बोलायचा नाही, तरी निरोप पोचला. या सवयीवर बेंगळुरूत २०१० मध्ये झिपडायल नावाची कंपनी उभी राहिली. जाहिरातीत एक नंबर छापायचा, लोकांनी त्यावर मिस्ड कॉल द्यायचा, आणि उत्तरादाखल त्यांना मेसेजवर माहिती जायची. २०१५ च्या जानेवारीत ट्विटरनं ही कंपनी विकत घेतली.

त्याच्याही आधी तार होती. शब्दागणिक पैसे पडायचे, म्हणून माणसं नेमकं लिहायची. "आई आजारी. ताबडतोब निघ." तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण तारेचा कागद उघडल्यावर पहिल्या दोन शब्दांत काय ते कळायचं, हे घरातल्या मोठ्यांना विचारून बघा.

परदेशात या विचाराला शास्त्राचं रूप आलं ते १९९५ च्या सुमारास. अमेरिकेतल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात मार्क वायझर आणि जॉन सीली ब्राउन यांनी 'शांत तंत्रज्ञान' अशी कल्पना मांडली. त्यांचं आवडतं उदाहरण होतं छताला टांगलेली आठ फुटी प्लास्टिकची दोरी. नताली जेरेमिजेंको या कलावतीनं ती बनवली होती. दोरी एका छोट्या मोटरला आणि मोटर कचेरीतल्या संगणकांच्या तारेला जोडलेली. तारेतून माहितीची वर्दळ वाढली की दोरी गरगरायची, कमी झाली की नुसती थरथरायची. कुणी तिच्याकडे टक लावून बसत नसे. पण काम करता करता सगळ्यांना कळत असे की आज नेटवर्कवर गर्दी आहे. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी मोजत तुम्ही बाहेर पेपर वाचता ना, अगदी तसंच.

दोन सेकंदांत बावीस मीटर

'ओझरती नजर' म्हणजे नेमकी किती? याचं एक उत्तर रस्त्यावरून मिळतं. अमेरिकेच्या रस्तेसुरक्षा खात्यानं २०१३ मध्ये गाड्यांमधल्या पडद्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचं म्हणणं असं की चालकाची नजर एका वेळी दोन सेकंदांपेक्षा जास्त रस्त्यावरून हटू नये, आणि पडद्यावरचं एक काम सगळं मिळून बारा सेकंदांत संपावं.

आता बेंगळुरूतलाच स्कूटरवाला डोळ्यांसमोर आणा. पाठीवर किंवा मागच्या सीटवर खाण्याची पेटी, हँडलला अडकवलेला फोन. ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगानं जाताना दोन सेकंदांत तो बावीस मीटर पुढे जातो. तेवढं अंतर तो जवळजवळ न बघता कापतो. त्याच्या फोनवर 'पुढच्या वळणाला डावीकडे' एवढंच मोठ्या बाणासह दिसतंय, की त्याच वेळी नवी ऑर्डर, बोनसची जाहिरात आणि तुमचा "भैया, किती वेळ?" हा मेसेजही उड्या मारतोय, यावर त्याचा जीव अवलंबून असतो.

म्हणून तुमच्या लॉक स्क्रीनवर सहा मिनिटांचा आकडा सरकत असेल, तर त्याच आकड्याच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस आहे हे लक्षात असू द्या. आकडा सहावरून आठवर गेला की लगेच फोन लावू नका. पट्टी तुम्हाला निवांत राहता यावं म्हणून दिली आहे.

मराठीत अडचण कुठे येते

आता एक गंमत बघा. समजा, तुमच्या लॉक स्क्रीनवर हा निरोप आला:

"बुधवारी तुमच्या भागात पाणीपुरवठा सकाळी नऊपासून…"

पुढे तीन टिंबं. जागा संपली. पाणीपुरवठा सुरू होणार आहे, की बंद राहणार आहे? टाकी भरून ठेवायची, की नाही? २०२४ च्या उन्हाळ्यात ज्यांनी बेंगळुरूतली पाणीटंचाई काढली, त्यांना या तीन टिंबांची किंमत वेगळी सांगायला नको.

यात भाषेचा दोष नाही. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि लॉक स्क्रीनवर वाक्याचा शेवटच कापला जातो. इंग्रजीत क्रियापद आधी येतं, त्यामुळे इंग्रजी निरोप कापला तरी मुद्दा शिल्लक राहतो. तोच निरोप नंतर शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणला की मुद्दा टिंबांत जातो. "डॉक्टरांनी तुम्हाला दिलेली शुक्रवारची वेळ काही कारणानं…" रद्द झाली? बदलली? की आठवण करून देताहेत?

उपाय सोपा आहे आणि तो आपल्या दुकानांच्या फळ्यांवर पूर्वीपासून आहे. "उधार बंद." "आज दूध संपले." ज्यासाठी निरोप आहे तो शब्द पुढे आणायचा: "पाणी बंद: बुधवार, सकाळी ९ ते संध्याकाळी ५." "वेळ रद्द: शुक्रवार, डॉक्टर." शेपूट कापली तरी जीव शाबूत.

दुसरी अडचण अक्षरांच्या उंचीची. देवनागरीला वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरं असा दोन्हीकडे विस्तार लागतो. रोमन लिपीसाठी आखलेल्या अरुंद ओळीत तीच अक्षरं कोंबली की खालचा उकार कापला जातो आणि 'चुकलं'चं 'चकलं' होतं. तरुण डोळे अंदाजानं वाचून घेतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आजोबांना ते जमत नाही. मग ते म्हणतात, "मला मेलं या फोनमधलं काही कळत नाही." खरं तर त्यांना कळतं, दिसत नाही.

तुमच्यापैकी कुणी या क्षेत्रात काम करत असेल, किंवा घरातली मुलगी अ‍ॅप डिझाइन शिकत असेल, तर तिला हे दोन मुद्दे जरूर सांगा. मराठीत बघणारे डोळे कामाच्या खोलीत बसलेले असतील तरच अशा गोष्टी दुरुस्त होतात.

विजेटवरची शिळी भाकरी

"होम स्क्रीनवर तापमान २४ दाखवतंय आणि बाहेर तर घाम फुटलाय!" असं कधी झालंय? विजेट खोटं बोलत नसतं, ते शिळं असतं.

विजेट हे छोटं अ‍ॅप आहे असं आपल्याला वाटतं. खरं तर ते बहुतेक वेळा अ‍ॅपनं काढून ठेवलेलं एक चित्र असतं. अ‍ॅप अधूनमधून ते बदलतं. सतत बदलत राहिलं तर बॅटरी दुपारीच संपेल, म्हणून फोन बनवणाऱ्यांनी त्यावर मर्यादा घातल्या आहेत. आयफोनवर नेहमी बघितल्या जाणाऱ्या विजेटला दिवसाला साधारण चाळीस ते सत्तर वेळा ताजं व्हायची मुभा मिळते. अँड्रॉइडवर विजेटला ठरावीक अंतरानं आपोआप ताजं करायचं, तर नेहमीच्या पद्धतीत ते अंतर अर्ध्या तासापेक्षा कमी ठेवता येत नाही. जिवंत पट्टीची तऱ्हा निराळी. तिला सर्व्हरकडून थेट निरोप येतात, पण आयफोनवर ती जास्तीत जास्त आठ तास चालते. ती एका प्रसंगासाठी असते, प्रसंग संपला की गेली.

यातून तुम्ही काय घ्यायचं? हवामान, पावलं, वाढदिवस, पंचांग यांसाठी विजेट उत्तम. अर्ध्या तासानं काही बिघडत नाही. गाडी सुटायची वेळ, खात्यातली शिल्लक, आजाऱ्याची साखर यांचे आकडे मात्र 'शेवटची नोंद किती वाजता' हे वाचल्याशिवाय खरे मानू नका. आणि ज्या विजेटवर ती वेळ लिहिलेलीच नाही, त्याच्यावर महत्त्वाचा निर्णय सोपवू नका.

ओसरीवर बसून राहणारे पाहुणे

आतापर्यंत आपण निरोप देऊन निघून जाणाऱ्यांबद्दल बोललो. पण ओसरीवर येणाऱ्यांचा दुसराही एक प्रकार असतो.

लॉक स्क्रीन ही फोनवरची सर्वात जास्त वेळा बघितली जाणारी जागा. साहजिकच ती जागा कुणाला तरी हवी असणार. बेंगळुरूच्याच इनमोबी समूहानं २०१९ मध्ये 'ग्लान्स' सुरू केलं. या इंग्रजी नावाचा अर्थच मुळी ओझरती नजर. अनेक अँड्रॉइड फोनच्या लॉक स्क्रीनवर बातम्या, खेळ, चित्रं, खरेदी अशा गोष्टी त्यातून दिसतात. २०२० मध्ये गूगलनं आणि २०२२ मध्ये जिओ प्लॅटफॉर्म्सनं त्यात पैसे गुंतवले. यावरून त्या एका पडद्याची किंमत लक्षात यावी.

कुणाला रोज नवं चित्र आणि दोन बातम्या बघायला आवडतात, त्यात वावगं काही नाही. ज्यांना नको असतं त्यांना सेटिंग्जमध्ये जाऊन ते बंद करता येतं. मुद्दा एवढाच, की लॉक स्क्रीनवर दोन वेगवेगळे हेतू शेजारी शेजारी उभे असतात. 'तुमचा ऑटो आला' हे सांगणाऱ्या पट्टीला तुम्ही लवकर निघावं असं वाटतं. 'आज काय ट्रेंडिंग आहे' हे सांगणाऱ्या चित्राला तुम्ही थांबावं असं वाटतं. दोन्हींचा आकार सारखा, जागा तीच. वेगळेपण ओळखणं हे तुमचं काम.

त्याहून चोरटा प्रकार म्हणजे कामाच्या पोशाखात येणारी जाहिरात. ऑर्डरची माहिती द्यायला तुम्ही परवानगी दिलीत, आणि त्याच दारातून "आज जेवणात काय बेत?" असे लाडिक मेसेज येऊ लागतात. थोडे दिवस हसू येतं. मग तुम्ही वैतागून त्या अ‍ॅपची सगळीच नोटिफिकेशन्स बंद करता, आणि ज्या दिवशी खरंच माणूस दाराशी उभा असतो त्या दिवशी कळत नाही. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्ट फोनमध्येही खरी ठरते.

कुलूप दाराला, निरोप उघड्यावर

ओसरीवरचं बोलणं रस्त्यावरच्यालाही ऐकू जातं, हे विसरून चालत नाही. फोनला कुलूप आहे, बोटाचा ठसा लागतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण बँकेचा ओटीपी, तपासणीचा रिपोर्ट, "मी आज घरी एकटीच आहे" असा मुलीचा मेसेज, हे सगळं कुलपाच्या बाहेर, टेबलावर पालथ्या न घातलेल्या फोनवर, सगळ्यांना दिसत असतं. चोराला दार फोडायची गरजच नाही.

आयफोनवर सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशन्समध्ये 'शो प्रीव्ह्यूज' या जागी 'व्हेन अनलॉक्ड' निवडा. अँड्रॉइडवर लॉक स्क्रीनच्या सेटिंगमध्ये संवेदनशील मजकूर लपवण्याचा पर्याय असतो. मग निरोप आल्याचं कळतं, पण काय आलं ते फक्त तुम्हाला, कुलूप उघडल्यावर.

दुकानातल्या डब्यालाही हे लागू आहे. गल्ल्यात आज किती जमा झालं हे शेजारच्यानं मोजू नये असं वाटत असेल, तर त्याचा आवाज कमी करता येतो.

आज जेवणानंतर पंधरा मिनिटं

हे सगळं वाचून फोन ठेवून देऊ नका. आज रात्री घरातले सगळे बसा, एकमेकांचे फोन हातात घ्या आणि ओसरी झाडून काढा.

दिवसभरात आलेली नोटिफिकेशन्स वरून खाली बघत जा. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: हा निरोप उशिरा कळला असता तर काही बिघडलं असतं का? बिघडलं नसतं, तर त्याला ओसरीवर जागा नाही.

अँड्रॉइडवर नको असलेल्या नोटिफिकेशनवर बोट दाबून धरा. २०१७ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून प्रत्येक अ‍ॅपला आपल्या निरोपांचे प्रकार वेगळे ठेवता येतात. त्यामुळे बऱ्याच अ‍ॅप्सच्या फक्त जाहिराती बंद करून कामाचे निरोप चालू ठेवता येतात. आयफोनवर २०२१ पासून कमी महत्त्वाचे निरोप एकत्र बांधून ठरलेल्या वेळी बघण्याची सोय आहे, सकाळच्या पेपरसारखी. नवं अ‍ॅप 'नोटिफिकेशन पाठवू का?' असं विचारेल तेव्हा सवयीनं 'हो' दाबू नका. दोन दिवस वापरा, मग ठरवा.

आजीच्या फोनसाठी एक खास काम करा. होम स्क्रीनवरचे नको ते चौकोन काढून टाका. तिथे मुलाचा, मुलीचा आणि शेजारणीचा फोटो ठेवा, दाबला की थेट फोन लागेल असा. अँड्रॉइडवर हे विजेट फोनबरोबरच येतं. अक्षरं मोठी करा, आणि मोठी केल्यावर उकार-मात्रा कापल्या जात नाहीत ना, ते तिच्याकडूनच वाचून घ्या. औषधाच्या वेळेचा गजर लावा, त्याला इतर सगळ्यांपेक्षा वेगळा आवाज द्या.

मुलांना एक खेळ द्या. सोसायटीच्या गटावर आलेली एखादी लांबलचक सूचना घ्या आणि ती सात शब्दांत बसवायला सांगा, पण अशी की पहिल्या दोन शब्दांतच काय ते कळलं पाहिजे. "लिफ्ट बंद: शनिवार दुपारी, दोन तास." ज्याचं सर्वात चांगलं जमेल, त्याच्याकडे पुढच्या सूचना लिहायचं काम द्या. सोसायटीचे सेक्रेटरीही खूश होतील.

आणि जमलं तर कपाटातलं जुनं एचएमटी बाहेर काढा. किल्ली दिली की त्यातली बरीचशी अजून टिकटिकतात. एक आठवडा ते मनगटावर बांधा आणि वेळ त्यातच बघा. आठवड्याच्या शेवटी घरातल्यांना विचारा, दूध किती वेळा उतू गेलं.